नामांतराचा वाद आणि हेत्वाभास

(गारखेडा, छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



'सदोष युक्तिवाद कसे ओळखावेत' असा विषय मला दिलेला आहे. या विषयावर बोलणारा माणूस सहसा एक यादी सांगतो. मुद्दा सोडून माणसावर घसरणे हा एक दोष, 'सगळेच असं म्हणतात' हा दुसरा, 'पूर्वापार चालत आलंय' हा तिसरा. यादी पाठ झाली की ऐकणारा खूश होतो आणि दुसऱ्या दिवसापासून मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये समोरच्याचे दोष मोजायला लागतो. तर्कशास्त्र शिकवताना मी हे दरवर्षी बघत आलो. हा धडा झाला की मुलांना वडिलांच्या बोलण्यात दोष सापडतात, शेजाऱ्याच्या बोलण्यात सापडतात, पुढाऱ्यांच्या भाषणात तर ढिगाने सापडतात. स्वतःच्या बोलण्यात मात्र एकही सापडत नाही!

म्हणून आज यादी थोडी बाजूला ठेवू. एकच वाद घेऊ, आणि तोही आपल्याच गावातला. इथे बसलेल्या बऱ्याच जणांनी तो डोळ्यांनी पाहिला आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद. त्यात कोण बरोबर होते याचा निकाल देण्यासाठी मी उभा नाही. माझे मत आहे, आणि ते बोलण्यातून कळेलच. पण आज बघायचे आहे ते हे, की त्या वादात जी कारणे दिली गेली, ती कारणे म्हणून कितपत टिकतात.

हेतू कोणता तपासायचा?

आधी एक शब्द नीट समजून घेऊ. आपल्याकडच्या न्यायशास्त्रात सदोष कारणाला 'हेत्वाभास' म्हणतात. हेतू अधिक आभास. हेतूसारखा दिसतो, पण हेतू नसतो. इथे मराठी माणसाची एक गंमत होते. आपण रोजच्या बोलण्यात 'हेतू' म्हणतो तेव्हा मनातला उद्देश अभिप्रेत असतो. 'त्याचा हेतू शुद्ध नाही,' असे आपण म्हणतो. न्यायशास्त्रात हेतू म्हणजे निष्कर्षाला दिलेले कारण, त्याचा आधार. डोंगरावर आग आहे. कशावरून? धूर दिसतो म्हणून. यात धूर हा हेतू.

म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले. एक हेतू माणसाच्या पोटात असतो, दुसरा त्याच्या वाक्यात. माझे आजचे सगळे म्हणणे एवढ्यावरच उभे आहे. आपण वाद घालताना पोटातला हेतू शोधत बसतो आणि वाक्यातला हेतू तपासायचा राहून जातो. खरे तर वाक्यातला तपासणे आपल्या हातात असते. पोटातला क्वचितच असतो.

वाक्यातला हेतू तपासायचा कसा? सोपे उदाहरण घेऊ. कोणी म्हणाले, 'तो माणूस पोलीस आहे, कारण त्याने खाकी कपडे घातलेत.' तुम्ही लगेच म्हणाल, अहो, खाकी रिक्षावालेही घालतात, एसटीचे कंडक्टरही घालतात. संपले. हेतू फसला. निष्कर्ष जिथे नाही तिथेही हा हेतू जाऊन बसतो, म्हणून त्याला 'सव्यभिचार' म्हणतात. ज्याचा संसार एकाच घरी नाही तो व्यभिचारी, तसा हा हेतू!

पण पुढची पायरी विसरू नका. कपड्यांवरून तो पोलीस ठरत नाही, म्हणून तो पोलीस नाहीच असे ठरते का? नाही ठरत. असेलही पोलीस. युक्तिवाद पडला म्हणजे निष्कर्ष खोटा ठरला असे होत नाही. फक्त एवढेच सिद्ध होते की त्या निष्कर्षाला अजून आधार मिळालेला नाही. समोरच्याचा दोष दाखवला की आपण जिंकलो असे ज्यांना वाटते, त्यांनी हे वाक्य घरी भिंतीवर लिहून ठेवावे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा विषय सांगितले आहेत. त्यांतले शेवटचे सात सरळ वादाशी संबंधित आहेत: वाद, जल्प, वितंडा, हेत्वाभास, छल, जाती आणि निग्रहस्थान. यातली 'जाती' म्हणजे आपली सामाजिक जात नव्हे बरं का. वरवरच्या साम्यावर किंवा भेदावर उभा केलेला पोकळ आक्षेप, असा तिचा अर्थ. वाद म्हणजे खरे काय ते शोधण्यासाठी केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची पाडणे. निग्रहस्थान म्हणजे चर्चेत माणूस जिथे पकडला जातो, हरतो, ती जागा. अशा बावीस जागा मोजलेल्या आहेत. त्यांतल्या पाच-सहा आज आपल्याला पुरतील.

वाद काय होता?

तरुण मंडळी बसली आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. निजामाच्या राज्यातून आपण १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालो. उच्च शिक्षणाची इथे आबाळच होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे महाविद्यालय काढले, तेच आपले मिलिंद महाविद्यालय. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पुढे विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे अशी मागणी आली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला. ठराव होताच मराठवाड्यात दंगली उसळल्या. गावोगावच्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली, माणसे मारली, कितीतरी कुटुंबे गाव सोडून गेली. सरकारने अंमलबजावणी थांबवली. मग मोर्चे, सत्याग्रह, १९७९ चा नागपूरहून निघालेला लाँग मार्च, तुरुंगवास, हौतात्म्य. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचे नाव 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' झाले. ठरावापासून साडेपंधरा वर्षांनी.

या काळात सभेत, वर्तमानपत्रांत, कॉलेजच्या कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर काही युक्तिवाद पुन्हापुन्हा ऐकू यायचे. कोणाचे नाव न घेता मी ते माझ्या शब्दांत मांडतो. आणि शक्य तितके बळकट करून मांडतो, कारण दुबळे करून पाडण्यात काही अर्थ नसतो. निग्रहस्थानांत 'अननुभाषण' नावाची एक जागा आहे. समोरचा तीनदा बोलला, सभेला कळले, तरी तुम्हाला त्याचे म्हणणे परत सांगता येत नाही, तर तुम्ही हरलात. मोठा शहाणा नियम आहे. दुसऱ्याचे म्हणणे त्याला पटेल असे सांगता आल्याशिवाय त्याला उत्तर द्यायला तोंड उघडू नये.

'मराठवाडा हे नाव आमची अस्मिता आहे'

विरोधाच्या बाजूचा हा सर्वांत वजनदार युक्तिवाद. तो हलक्यात घेऊ नका. शतकानुशतके ज्या प्रदेशाला स्वतःचा आवाज नव्हता, ज्याने रझाकारांचा काळ सोसला, त्याच्या नावाने पहिल्यांदा एक विद्यापीठ उभे राहिले. त्या नावात लोकांचा जीव अडकणे स्वाभाविक होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सर्वस्व पणाला लावलेली काही ज्येष्ठ माणसे नामांतराच्या विरोधात होती. त्यांना ढोंगी म्हणणे सोपे आहे. पण तो पोटातल्या हेतूवर केलेला वार झाला. आपण वाक्यातला हेतू पाहू.

युक्तिवाद असा: 'हे प्रदेशाचे नाव आहे, म्हणून ते बदलू नये.' आता खाकी कपड्यांची कसोटी लावा. हा हेतू दुसरीकडे लागू होतो का? नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचे. सगळी गावांची, प्रदेशांची नावे. कुठे कुरबूर झाली असेल, पण वस्त्या पेटल्या नाहीत. म्हणजे 'प्रदेशाचे नाव' एवढ्या कारणाने तसा विरोध निर्माण होत नाही.

यावर उत्तर येईल, 'आमच्या नावामागे मुक्तिसंग्राम आहे, तसा नागपूर-पुण्याच्या नावामागे नाही.' बरोबर आहे. पण हे आधी सांगितलेल्या कारणाला मागून जोडलेले शेपूट आहे. न्यायशास्त्रात याला 'हेत्वंतर' म्हणतात. आक्षेप आल्यावर हेतू बदलणे. जल्पात हा पराभव. खऱ्या वादात मात्र मी म्हणेन की हेतू सुधारणे चांगलेच, फक्त सुधारलेला हेतू पुन्हा तपासू द्यायचा.

तर तपासू. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ चे. त्याचे नाव 'मराठवाडा कृषी विद्यापीठ'. तोच प्रदेश, तेच नाव, तोच मुक्तिसंग्राम. २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईकांचे नाव जोडले गेले. मराठवाड्याची अस्मिता तेव्हा जागी झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आता कोणी म्हणेल, सर, तिथे 'मराठवाडा' शब्द कायम ठेवला होता, आणि १९९४ च्या निर्णयाने रस्ताही मोकळा झालेला होता. दोन्ही मुद्दे मान्य. दुसऱ्या मुद्द्यामुळे परभणीचे उदाहरण निर्णायक ठरत नाही, हेही मान्य. पण पहिल्या मुद्द्याचे काय होते ते बघा. 'मराठवाडा शब्द जाऊ नये' हेच जर खरे कारण असेल, तर शब्द ठेवून नाव वाढवायला त्या कारणाचा विरोध असूच शकत नाही. १९९४ ला तेच झाले. म्हणून अनेक जण त्याला नामांतर न म्हणता नामविस्तार म्हणतात, आणि चळवळीतल्या कित्येकांना तो शब्द आजही बोचतो. हा तोडगा व्हायला इतकी वर्षे का लागली, याची उत्तरे इतिहासात आणि राजकारणात शोधावी लागतील. तर्कशास्त्र एवढेच सांगू शकते, की अस्मितेच्या हेतूतून जास्तीत जास्त 'मराठवाडा शब्द ठेवा' इतका निष्कर्ष निघतो. 'बाबासाहेबांचे नाव नको' हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. तो काढायचा तर दुसरे काहीतरी कारण लागते, आणि ते कारण सभेत कोणी उच्चारत नव्हते.

ओले सरपण

न उच्चारलेल्या कारणाला न्यायशास्त्रात जागा आहे का? आहे. तिला 'उपाधी' म्हणतात. धुरावरून आग ओळखता येते, हे आपण बघितले. उलटे करता येईल का? 'आग आहे, म्हणून धूर असणारच.' नाही करता येत. लोहाराच्या भट्टीतला लालभडक लोखंडाचा गोळा पाहा, आग आहे, धूर नाही. मग आगीबरोबर धूर कधी येतो? सरपण ओले असते तेव्हा. हे ओले सरपण म्हणजे उपाधी. ती सांगितली जात नाही, पण खरे काम तीच करत असते. ही उपमा शास्त्रातली, पण ज्यांनी घरी चूल पाहिली आहे त्यांना ती शिकवावी लागत नाही.

आता १९७८ बघा. अस्मिता ही आग आहे असे धरा. ती सर्वत्र असते, आणि तिच्यात वाईट काही नाही. मग धूर कुठे निघाला? ठराव कोणी केला? मुंबईत, विधिमंडळाने. नाव कशाचे बदलणार होते? शहरातल्या एका विद्यापीठाचे. आणि घरे कोणाची जळाली? खेड्यातल्या अशा माणसांची, ज्यांच्यातल्या कित्येकांनी विद्यापीठाचे दारसुद्धा पाहिले नव्हते. ठरावात त्यांचा हात नव्हता, नावाशी त्यांचा संबंध एवढाच, की ते बाबासाहेबांना मानणारे होते. नावाच्या वादाचा राग त्यांच्यावर निघतो, तेव्हा नावापलीकडचे काहीतरी सरपण तिथे होते, हे मानल्याशिवाय घटनेचा अर्थ लागत नाही. ते सरपण जातीचे होते. गावकीतल्या जुन्या मानापमानाचे, जमिनीचे, शिकून वर आलेल्या पोरांबद्दलच्या असूयेचे.

इथे एक पथ्य पाळायचे आहे. विरोध करणारा प्रत्येक जण दंगलखोर होता असे यातून निघत नाही. मी मनात शिरून हेतू काढला नाही. मी घटना घेतली, तिच्यासाठी दिलेले कारण घेतले, आणि कारण घटनेला पुरत नाही एवढे दाखवले. न उच्चारलेल्या कारणाबद्दल बोलायचे तर असेच बोलावे. माणसाच्या चेहऱ्यावरून नाही, त्याच्या आडनावावरून तर नाहीच नाही.

'नावात काय आहे? विकास महत्त्वाचा'

दुसरा युक्तिवाद हा. रेल्वे नाही, पाणी नाही, कारखाने नाहीत, आणि तुम्ही नावावरून भांडताय? १९७४ ला इथल्या विद्यार्थ्यांनी विकासासाठी मोठे आंदोलन केले होते. त्यामुळे या बोलण्याला पार्श्वभूमी होती, ते आकाशातून पडलेले नव्हते.

पण नाव बदलल्याने रेल्वे येण्याचे थांबत होते का? दोन गोष्टींतली एकच मिळेल असे भासवायचे, आणि मग मोठी दाखवून धाकटी टाळायची. निग्रहस्थानांत 'विक्षेप' म्हणून एक जागा आहे. चर्चेत कोंडी झाली की माणूस म्हणतो, 'मला जरा काम आहे, मग बोलू.' 'आधी विकास, मग नाव' हे त्याच वळणाचे आहे. आधी याचे साल कोणी सांगत नाही.

याहून मोठा दोष वेगळाच आहे. तीच माणसे सकाळी म्हणत, 'नावात काय आहे?' आणि संध्याकाळी म्हणत, 'हे नाव आमची अस्मिता आहे.' अहो, नावात काही नसेल तर बदलू द्या. नावात सगळे काही असेल तर दुसऱ्यालाही ते हवेसे वाटणार, हे समजून घ्या. दोन्ही एकदम म्हणता येत नाही. याला 'प्रतिज्ञाविरोध' म्हणतात. आपलेच म्हणणे आपल्याच कारणाने खोडून निघणे.

आणि याच ठिकाणी एक सूक्ष्म अन्याय होत होता. एका बाजूच्या भावनेला 'अस्मिता' म्हणायचे, दुसऱ्या बाजूच्या भावनेला 'भावनिक राजकारण' म्हणायचे. माल एकच, लेबल दोन. मुक्तिसंग्रामाची आठवण हे नाव ठेवण्याचे कारण होऊ शकत असेल, तर ज्या माणसाने आपल्याला शिक्षणाचे दार उघडून दिले त्याची आठवण हेही नाव देण्याचे कारण होऊ शकते. वजने वेगळी असतील, पण दोन्ही पारड्यांना तराजू एकच लागतो.

'लोकांचा विरोध आहे, शांतता भंगेल'

हा तिसरा, आणि सर्वांत धोकादायक. वरवर तो व्यवहारी वाटतो. दंगल होणार असेल तर निर्णय पुढे ढकलावा, हे प्रशासकाने म्हणणे समजण्यासारखे आहे. पण निर्णय लांबवण्याचे कारण आणि मागणी चुकीची असल्याचे कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'तुम्ही मागितले म्हणून त्यांनी जाळले, म्हणून तुम्ही मागणे चूक,' या साखळीत जाळणाऱ्याची जबाबदारी कुठे गेली? ती अलगद मागणाऱ्याच्या पदरात टाकली. आणि एकदा हा हेतू मान्य केला, की वाद जिंकण्याचा सोपा रस्ता सगळ्यांना सापडतो. कारण देऊ नका, काडी दाखवा.

आता दुसरी बाजू

इथवर टाळ्या वाजवणाऱ्यांनी हात जरा आवरून धरावेत. माझा स्वतःचा कल नामांतराच्या बाजूचा होता आणि आहे. म्हणून त्या बाजूचे युक्तिवाद मला जास्त कडक तपासले पाहिजेत.

पहिला: 'बाबासाहेब थोर होते, त्यांनी देशाला राज्यघटना दिली, म्हणून विद्यापीठाला त्यांचे नाव द्या.' थोर होते, यात वाद नाही. पण हा हेतू गरजेपेक्षा जास्त सिद्ध करतो. याच कारणाने देशातल्या प्रत्येक विद्यापीठाला त्यांचेच नाव द्यावे लागेल. अशा हेतूने 'हेच विद्यापीठ का' या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. उत्तर देणारा खरा हेतू दुसरा होता, आणि तो जवळच होता: मिलिंद महाविद्यालय. विद्यापीठ स्थापन होण्याच्या आठ वर्षे आधी या माणसाने या मागास भागात, या शहरात, उच्च शिक्षणाची सोय केली. हा हेतू या जागेला आणि या माणसाला जोडतो. तो पुण्याला लागू होत नाही, नागपूरला होत नाही. मात्र घोषणांच्या गदारोळात दुबळा हेतू पुढे आणि बळकट हेतू मागे, असे बऱ्याचदा झाले.

दुसरा: 'विरोध करतो तो जातीयवादी.' काही विरोधक तसे होते, याला जळालेली घरे साक्ष आहेत. पण 'काही'वरून 'सगळे' होत नाही. आणि एखादा खरोखर जातीयवादी असला, तरी त्याचा युक्तिवाद त्याच्या चारित्र्यावर नाही, त्याच्या कारणावर पडायला हवा. नाहीतर तेच कारण उद्या एखादा निष्कलंक माणूस घेऊन येईल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. तसेच झाले. मुक्तिसंग्रामातली स्वच्छ चारित्र्याची माणसे तेच कारण घेऊन उभी राहिली, तेव्हा अनेकांना शिवीगाळीशिवाय काही सुचेना.

तिसरा: 'तुम्ही आमच्यावर शतकानुशतके अन्याय केला, तेव्हा तर्क कुठे होता?' यामागची वेदना मी कमी लेखत नाही. प्रश्नही खरा आहे, आणि त्याचे उत्तर समाजाने द्यायचे आहे. पण कोणी तुमच्या विधानात दोष दाखवला आणि तुम्ही म्हणालात, 'तुमच्यात पण आहे,' तर तुम्ही आपला दोष कबूल केलात. याला 'मतानुज्ञा' म्हणतात. 'तेव्हा तुम्ही कुठे होता?' हे आजच्या आपल्या राजकारणातले सर्वांत आवडते वाक्य आहे, आणि प्रत्येक पक्ष ते म्हणताना आपला दोष कबूल करतो हे कोणाच्या लक्षात येत नाही.

दोष काढणाऱ्याचा दोष

बावीस निग्रहस्थानांत दोन जागा अशा आहेत की त्या शेजारीशेजारी ठेवलेल्या पाहून मला नेहमी आदर वाटतो. एक, 'पर्यनुयोज्योपेक्षण'. समोरच्याने चूक केली आणि तुम्ही ती दाखवली नाही, तर तुम्ही हरलात. भीड म्हणून, ओळख म्हणून, आपला माणूस म्हणून गप्प बसणे हा वादातला पराभव आहे. आणि लगेच पुढची, 'निरनुयोज्यानुयोग'. चूक नसताना चूक दाखवलीत, तरी तुम्ही हरलात.

म्हणजे दोष ओळखणाऱ्यालाही नियम आहेत. आज उलटे झाले आहे. आपल्या बाजूच्या ढळढळीत चुकीवर आपण पहिला पराभव पत्करतो, आणि दुसऱ्या बाजूच्या साध्या वाक्यावर दुसरा. दोन्हीकडून हरलेली माणसे एकमेकांना जिंकल्याचे सांगत फिरत असतात.

गृहपाठ देऊन थांबतो. २०२३ मध्ये आपल्या शहराचे नाव बदलले. त्याच्या बाजूने आणि विरोधात तुम्ही सगळ्यांनी पुष्कळ ऐकले, पुष्कळ बोललात. मी आज त्यावर काही बोलणार नाही. घरी जाऊन एक कागद घ्या. आपली बाजू कोणती ते वर लिहा. खाली आपल्याच बाजूची तीन कारणे लिहा, आणि नामांतराच्या वेळची सगळी कारणे शेजारी मांडा. 'नाव म्हणजे अस्मिता', 'नावात काय आहे', 'आधी पाणी द्या', 'लोकभावना', 'तेव्हा तुम्ही कुठे होता'. यांतले कोणते कारण तुम्ही एका वादात मान्य केले आणि दुसऱ्यात झिडकारले, त्यावर खूण करा. किती खुणा झाल्या ते मला सांगू नका.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सर, जातीयवादाला जातीयवाद म्हणायचंच नाही का? तर्काच्या नावाखाली आपण अन्यायाला सभ्य भाषेत गुंडाळतो असं नाही वाटत?

उत्तर: तुमची शंका रास्त आहे. म्हणायचं, आणि स्पष्ट म्हणायचं. पण कृतीवरून म्हणायचं. वस्ती जाळणं ही कृती आहे, तिला नाव द्यायला मन वाचावं लागत नाही. मी आत्ता तेच केलं. मराठवाड्यात १९७८ ला दलितांवर झालेले हल्ले जातीय होते, हे विधान मी पुराव्यावर करतो. समोर बसलेला अमुक गृहस्थ विरोध करतो म्हणून जातीयवादी, हे विधान करायला माझ्याकडे पुरावा नसतो. पहिलं जितकं ठामपणे म्हणायचं असेल, तितकं दुसरं टाळावं लागतं. नाहीतर दुसऱ्याच्या पोकळपणामुळे पहिल्याचंही वजन जातं.

प्रश्न: म्हणजे वादात भावनेला जागाच नाही?

उत्तर: आहे ना. भावना ही वस्तुस्थिती आहे. 'या नावामुळे मला या विद्यापीठाच्या आवारात ताठ मानेने चालता येतं,' असं कोणी म्हटलं तर ते चांगलं, तपासता येण्यासारखं कारण आहे. विद्यापीठ माणसाला ताठ मानेने चालायला शिकवण्यासाठीच असतं. भावनेने कारण देणं हा दोष नाही. कारण देण्याऐवजी भावना भडकवणं, हा दोष.

प्रश्न: एवढं सगळं समजून उपयोग काय? १९७८ ला कोणी न्यायसूत्रं सांगितली असती तर दंगल थांबली असती का?

उत्तर: नसती थांबली. हातात पलिता घेऊन निघालेल्या माणसाला हेत्वाभास सांगून उपयोग नसतो. पण पलिता पेटण्याच्या आधी कित्येक दिवस घराघरांत, पारावर, वर्गात बोलणं चाललेलं असतं. तिथे बसलेल्या दहांपैकी दोघांनी जरी विचारलं असतं, 'नाव विद्यापीठाचं, मग राग आपल्या गावातल्या माणसावर का?', तर आणखी दोघे तरी घरी थांबले असते. तर्कशास्त्राचा उपयोग तेवढाच असतो, आणि तो वेळेवर विचारलेल्या प्रश्नापुरताच असतो. वेळ गेल्यावर उरतो तो इतिहास.